किती रात्री

फॅमिली कोर्टाच्या पायरीवरची सावली
साडेअकरालाच संपते.
शिपाई येरणे आता ओळखतो मला.
"काहून ताई, आजबी तारीखच का?"
विचारतो, आणि आपल्या बाटलीतलं पाणी पुढे करतो.
हो, म्हणते मी. सतरा जूनची.
मेच्या मध्यात नागपुरात सतरा जून म्हणजे
कुणीतरी सांगितलेली गोष्ट.

शपथपत्रात सगळं विचारतात.
पगार, कर्ज, दागिने, स्कूटर कोणाच्या नावावर.
कूलरचं विचारलं नव्हतं.
मीच खाली पेनानं लिहिलं:
कूलर एक, जुना, पंप बदलायचा आहे.
वकीलबाई हसल्या, खोडा म्हणाल्या.
मी नाही खोडलं.

तो मेलबर्नला असतो.
तिकडे म्हणे सूत्रच आहे.
दोघांची कमाई, लेकराचं वय,
आणि एक प्रश्न असा, की मी तो आधी चुकीचा वाचला:
वर्षातल्या किती रात्री मूल कोणाकडे झोपतं?

शर्वाणी, माझी मामेबहीण, जर्मनीत आहे.
"अगं, इथे छापील तक्ता असतो.
उभा पगार, आडवं वय,
बोट सरकवायचं, आकडा वाचायचा.
त्यानं नाहीच दिले तर सरकार आधी देतं
आणि मग त्याच्या मागे लागतं."
कोण मागे लागतं?
"सरकार."
परत म्हण, म्हटलं मी.
ती परत म्हणाली.

इथे मागे लागायचं काम माझं.
सुटी टाकून, मानेवाड्याहून दोन ऑटो बदलून,
नोटीस परत आली की नव्या पत्त्यावर.
आणि मागायचं काय, तर पोटगी.
शब्दच पोटाशी थांबलेला.
पोटाला बूट लागत नाहीत,
दात सरळ करायची तार लागत नाही.
वकीलबाई म्हणतात, तसं नसतं हो, शिक्षणही धरतात त्यात.
धरत असतील.

काल ओजल झोपल्यावर
मोबाइलवर ते तिकडचं गणित उघडलं.
उगाचच. आम्ही त्या देशात बसत नाही.
त्याचा पगार अंदाजे.
माझा, शाळेच्या लायब्ररीतला, पैशापर्यंत खरा.
वय नऊ.
माझ्याकडे रात्री: तीनशे पासष्ट.
त्याच्याकडे

इथे बोट थांबलं.
ऑक्टोबरात तिला डेंग्यू झाला होता.
धंतोलीच्या दवाखान्यात, सलाईनच्या स्टँडला
रुमालानं फोन बांधला होता तिनं,
बाबा कट करू नको म्हणून.
त्यानं नाही केला.
दोन वाजता इथे प्लेटलेट्सचा रिपोर्ट आला
तेव्हा तिकडे उजाडलं होतं,
तो तसाच फोन हातात धरून
ऑफिसच्या गाडीत बसलेला, दाढी न केलेला.
त्यानंतर सात महिन्यांत एक रुपया नाही.
हेही खरंच आहे.
पण ती रात्र कोणाकडे लिहायची?

मी एक लिहिलं.
तीनशे चौसष्ट, एक.
खाली आकडा होता तोच राहिला.
एका रात्रीनं काही हलत नाही,
तिकडच्या सूत्रातही नाही.

तेवढ्यात कूलरचा आवाज कोरडा झाला.
ओजल झोपेतच म्हणाली, आई, पाणी.
तिला हवं होतं की कूलरला, कळलं नाही.
नळ पहाटे येतो. ड्रमात तळाशी होतं थोडं.
ग्लास भरून तिच्या उशाशी ठेवला,
उरलेलं मगानं मगानं
टाकीत ओतत बसले.